एलसीत ‘कॉन्फरन्स लाइन’चं सर्टिफिकेट मागितलंय? मग आधी हे वाचा

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी) हातात आली की बहुतेक जण रक्कम बघतात, शेवटची शिपमेंट तारीख बघतात, एक्सपायरी बघतात आणि फाइलला लावून मोकळे होतात. मी सांगतो, त्याच दिवशी ४६ए (कुठले कागद हवेत) आणि ४७ए (जादा अटी) ही दोन फील्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण शिपिंग सर्टिफिकेटची भानगड तिथे कुठेतरी सातव्या-आठव्या नंबरला लपलेली असते आणि ती कळते कधी, तर जहाज सुटल्यावर.

आमच्याकडे झालेला किस्सा सांगतो. एक पॅकिंग मशीन हॅम्बुर्गहून न्हावा शेवाला यायचं होतं. एलसी आम्हीच उघडलेली, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कोणी नाही. अकाउंट्समधल्या पोराने जुन्या अर्जाची वर्ड फाइल उघडली, नाव, रक्कम, तारखा बदलल्या आणि बँकेला दिली, आणि त्यात जुनी ओळ तशीच राहिली की माल कॉन्फरन्स लाइनच्या जहाजाने पाठवलाय असं शिपिंग कंपनीचं सर्टिफिकेट जोडावं. चार दिवसांनी सप्लायरचा दोन ओळींचा मेल: लाइन (जहाज कंपनी) असं लिहून देत नाही, कलम काढा, तोपर्यंत माल लोड होणार नाही. मशीन क्रेटमध्ये पॅक होऊन तिकडे उभं आणि आम्ही इकडे अमेंडमेंटचा, म्हणजे एलसीत बदलाचा फॉर्म भरतोय, चार्जेस अर्थात आमच्याच खात्यात.

लाइन का लिहून देत नाही ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॉन्फरन्स म्हणजे एकाच मार्गावरच्या जहाज कंपन्यांनी एकत्र बसून भाडं ठरवायचं, कोणी किती जागा द्यायची तेही ठरवायचं. यातली पहिली धरतात ती १८७५ची, इंग्लंड ते कलकत्ता मार्गावरची, म्हणजे हा प्रकार आपल्याच मार्गावरून सुरू झालाय म्हणा ना. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे केलं असतं तर सरळ कार्टेल म्हणून दंड बसला असता, पण युरोपने १९८६ साली नियम ४०५६/८६ करून कॉन्फरन्सना कॉम्पिटिशन कायद्यातून सूट दिली होती. ती सूट २००६ मध्ये रद्द करायचं ठरलं आणि १८ ऑक्टोबर २००८ पासून ती संपली, युरोपात येणाऱ्या आणि युरोपातून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या ट्रेडसाठी. युरोप-आशिया मार्गावरची फार ईस्टर्न फ्रेट कॉन्फरन्स तेव्हाच बंद झाली. आता तुम्हीच सांगा, युरोपच्या मार्गावर ‘होय, आम्ही कॉन्फरन्सचे मेंबर’ असं लाइनने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देणं म्हणजे कबुलीजबाबच की, कोण देईल?

तरी ही ओळ एलसीत अजून का येते? एक तर कॉपी-पेस्ट. दुसरं म्हणजे पूर्वी कॉन्फरन्सचं जहाज म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकावर चालणारं, भरवशाचं जहाज असा हिशोब होता, कुठलंतरी जुनाट ट्रॅम्प (ठरलेला मार्ग-वेळापत्रक नसलेलं) जहाज नको एवढाच त्यामागचा हेतू. तो हेतू आजही बरोबर आहे, फक्त शब्द चुकीचा आहे.

म्हणून तुम्ही इम्पोर्टर असाल तर अर्जात ‘कॉन्फरन्स’ हा शब्दच टाकू नका, त्याऐवजी ‘रेग्युलर लाइन व्हेसल’ लिहा आणि जुन्या जहाजाची भीती वाटत असेल तर वयाची मर्यादा आणि क्लासिफिकेशन सोसायटीचा (जहाजाची स्थिती तपासणाऱ्या संस्थेचा) क्लास मागा, ते लाइनला लिहून देता येतं. पण ‘कॅरियरच्या स्वतःच्या मालकीचं जहाज’ असं मागू नका. आज लाइन्स एकमेकींच्या जहाजात जागा घेतात, बी/एल (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर घेतल्याची पावती) एकीचं आणि जहाज दुसरीचं हे रोजचं आहे, फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हापाग-लॉइडचं जेमिनी सुरू झालंय ते याच पद्धतीचं. इथेही कायदा हललाय बरं का, जागा शेअर करणाऱ्या अशा गटांना, म्हणजे कन्सोर्टियमना युरोपात जी वेगळी सूट होती ती २५ एप्रिल २०२४ ला संपली. जागा शेअर करणं त्यामुळे बेकायदा झालेलं नाही, पण आपला करार कायद्यात बसतो की नाही हे आता लाइन्सनी स्वतःच तपासायचं, त्यामुळे काय लिहून द्यायचं याबाबत त्यांची लीगल टीम हात आखडता घेते.

एक्सपोर्टर असाल तर एलसी आल्याच्या दिवशी ते कलम उचलून तसंच्या तसं तुमच्या फॉरवर्डरला (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याला) आणि लाइनच्या एजंटला मेल करा आणि विचारा, हे याच शब्दांत देणार का? फोनवर ‘हो हो, मिळेल’ ऐकून थांबू नका. नाही म्हणाले तर बायरकडून अमेंडमेंट मागा, एमटी ७०७ (बँकेचा अमेंडमेंटचा स्विफ्ट मेसेज) आल्याशिवाय माल गेटमधून आत घालू नका. बायर मेलवर ‘चालेल, पाठवा’ म्हणाला तरी त्याला काही अर्थ नाही, यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) च्या आर्टिकल १० प्रमाणे बदलाला इश्यूइंग बँकेची (एलसी उघडणारीची) संमती लागते, कन्फर्मिंग बँक (स्वतःची हमी जोडणारी) असेल तर तिचीही, आणि तुमची पण.

आता एक बारकावा, जो माहीत नसल्याने लोक उगाच अमेंडमेंटचे पैसे घालवतात. ४७ए मध्ये नुसतं ‘शिपमेंट कॉन्फरन्स व्हेसलने व्हावी’ एवढंच लिहिलंय आणि कुठलंच डॉक्युमेंट मागितलेलं नाही, तर यूसीपीच्याच आर्टिकल १४(एच) प्रमाणे बँकेने ती अट नसल्यासारखीच धरायची असते. फक्त तुमच्या कुठल्याही कागदावर त्याच्या उलट काही छापून येऊ देऊ नका. ‘नॉन-कॉन्फरन्स’ असं कुठे दिसलं की बँकेने बोट ठेवलंच म्हणून समजा. ४६ए मध्ये सर्टिफिकेट मागितलं असेल तर मात्र ते द्यावंच लागतं, तिथे पळवाट नाही.

सही कोणाची, यावर बँकेच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतात. एलसीत ‘शिपिंग कंपनीचं सर्टिफिकेट’ असेल तर आयएसबीपी ७४५ (कागद कसे तपासायचे याची बँकांची नियमावली) च्या परिच्छेद ए१९ प्रमाणे कॅरियर, जहाजाचा मास्टर (कप्तान) किंवा त्यांचा एजंट, कोणीही दिलेलं चालतं (भाड्याने घेतलेल्या जहाजाचं, म्हणजे चार्टर पार्टी बी/एल असेल तर मास्टर, ओनर, चार्टरर किंवा त्यांचा एजंट), बी/एलवर सही करणाराच तो असला पाहिजे असं नाही. पण एजंटने आपण कोणाचे एजंट ते लिहिलेलं असावं, नुसता गोल शिक्का मारून दिलेला कागद परत पाठवा. आणि सर्टिफिकेट म्हटलं की सही हवीच, एलसीत ‘साइन्ड’ शब्द नसला तरी. किमान एक ओरिजिनल लागतं.

सर्टिफिकेटवर बी/एल नंबर, जहाजाचं नाव आणि व्हॉयेज बी/एलवर आहे तसंच घ्या. कोलंबोला ट्रान्सशिपमेंट (माल दुसऱ्या जहाजावर चढवणं) असेल तर एजंट कधीकधी मदर व्हेसलचं (मोठ्या जहाजाचं) नाव टाकतो आणि बी/एलवर तिथपर्यंत नेणाऱ्या छोट्या फीडरचं असतं, मग बँक म्हणते दोन कागद जुळत नाहीत. वाक्यरचना एलसीतलीच उचला, सुधारायला जाऊ नका, स्पेलिंगची चूक एलसीत असली तरी अर्थ बदलत नाही तोवर बरोबर स्पेलिंग लिहून चालतं.

मी हल्ली बी/एलचा ड्राफ्ट मागतो त्याच मेलमध्ये सर्टिफिकेटचाही ड्राफ्ट मागतो, कारण जहाज सुटल्यावर एजंटला आपली घाई नसते, आणि एलसीत वेगळं काही दिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांत आणि एक्सपायरीच्या आत कागद बँकेत हवेत. बँकेला तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, म्हणजे विसाव्या दिवशी नेऊन दिलेत आणि चूक निघाली तर दुरुस्त करून परत द्यायला वेळच उरत नाही.