थायरॉईडची शंका आली तर काय पाहावे, काय तपासावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे

थायरॉईडची लक्षणे महिनोन्‌महिने हळूहळू येतात, म्हणून ती वयाच्या, कामाच्या किंवा बाळंतपणाच्या नावावर खपतात आणि अंगावर काढली जातात. उलट बाजूही आहे: केस गळले की लगेच ‘थायरॉईड असेल’ असे म्हटले जाते, पण त्यामागे रक्तातले लोह कमी असणे हेही नेहमीचे कारण असते. म्हणून एकेका लक्षणावर न जाता बदलांचा गट पाहायचा.

पायरी १: गेल्या सहा महिन्यांत काय बदलले ते लिहा. थायरॉईड ही गळ्यातली हार्मोन बनवणारी ग्रंथी; ती मंदावली असेल तर इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाळीत रक्तस्राव वाढतो, विसरायला होते. वजन वाढते, पण सहसा २ ते ५ किलोच, आणि त्यातही बरेचसे अंगात साठलेले पाणी असते. पंधरा किलो वाढले असेल तर सगळा दोष थायरॉईडवर टाकू नका.

ग्रंथी अतिवेगाने चालत असेल तर भूक चांगली असूनही वजन उतरते, छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, शौचाला वारंवार जावे लागते, झोप लागत नाही, पाळी कमी जाते. साठीनंतर मात्र यातले फारसे काही न दिसता फक्त अशक्तपणा किंवा अनियमित नाडी एवढेच आढळू शकते.

पायरी २: नाडी मोजा. सकाळी उठण्यापूर्वी, अंथरुणातच, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट. सलग तीन दिवस. ती १००च्या वर किंवा अनियमित असेल तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा.

पायरी ३: गळा पाहा. आरशासमोर मान थोडी मागे झुकवा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खालचा भाग बघा. तिथला फुगवटा गिळताना वर सरकत असेल तर तो बहुधा थायरॉईडचा असतो. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, तरी प्रत्येक गाठ डॉक्टरांनी तपासायला हवी. ती कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर उशीर नको.

पायरी ४: रक्तातला टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे हार्मोन) तपासा. वरच्यापैकी तीन-चार बदल एकत्र दिसत असतील तर ही तपासणी करावी. जवळच्या नात्यात थायरॉईड, स्वतःला टाइप १ मधुमेह किंवा कोड, लिथियम (मनोविकारावरची) किंवा अमिओडॅरोनची (हृदयाच्या ठोक्यांवरची) गोळी चालू, किंवा वर्षभरात बाळंतपण झालेले, यांपैकी काही असेल तर एवढी वाट पाहू नये.

इथे एक चूक फार होते. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असते आणि काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणजे निरोगी माणसाचा अहवाल अतिवेगाचा येतो. अशा गोळ्या किमान दोन-तीन दिवस आधी थांबवा. टीएसएच दिवसभरात बदलतो, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी रक्त द्या. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या.

अहवाल उलटा वाचायचा असतो. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉईड मंद पडली की हुकूम वाढतो. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात, पण आपल्या अहवालावर छापलेली मर्यादा पाहा. किंचित वाढलेला, समजा ६ आला आणि फ्री टी४ (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) नॉर्मल असला तर सहसा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात; अनेकदा तो आपोआप उतरतो. १०च्या वर असेल तर बहुधा गोळी सुरू होते. अहवाल पाहून दुकानातून स्वतः गोळी आणू नका, जास्त मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे ठिसूळ होतात.

थांबू नये अशा वेळा

धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, किंवा खूप ताप आणि बरळणे असेल तर थेट तातडीच्या विभागात जा. मंद थायरॉईडचा रुग्ण गुंगीत जात असेल, अंग गार पडले असेल, श्वास संथ झाला असेल तरीही तेच. डोळे पुढे येऊन दुखू लागले, दोन-दोन दिसू लागले किंवा दृष्टी कमी झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. अतिवेगाच्या थायरॉईडवरची कार्बिमॅझोल ही गोळी घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी झाली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटलेल्या असू शकतात.

मंद थायरॉईडसाठी गोळी घेणाऱ्या बाईला दिवस राहिल्याचे कळले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गोळी बंद तर करायचीच नाही, उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते, कारण सुरुवातीचे महिने बाळाचा मेंदू आईच्याच हार्मोनवर वाढतो.

नवजात बाळात मंद थायरॉईड जन्मतः बहुधा दिसतच नाही. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखता येतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बुद्धीची वाढ वाचते. घरी निघण्याआधी ही तपासणी झाली का ते विचारा आणि अहवाल हातात मागून घ्या.