ग्रुपवर मदत करताना आपल्या धंद्याचं कसं सांगायचं

मे महिन्यात नागपुरात कोणी विचारतं, कूलरचा पंप चालू आहे पण पाणी वर चढत नाही, आणि लगेच तीन जण नुसता नंबर टाकून मोकळे होतात, हे मला खरंच पटत नाही. आधी उत्तर द्या ना, पूर्ण द्या: प्लग काढा, पंपाची जाळी धुवा, पाइपात क्षार जमलाय का बघा, टाकीत पंप बुडेल एवढं पाणी ठेवा. मग शेवटी एकच ओळ, मी हेच काम करतो, मनीषनगरला दुकान आहे, बस. नंबर मागितला तरच द्या, तोही पर्सनलवर. दुसऱ्या नावानं स्वतःचीच तारीफ अजिबात नको, लोकांना कळतं. वकील असाल तर अजून जपून, बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे जाहिरात करून काम मागताच येत नाही.