तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्या) शिंपल्यांपासून सिमेंट वाचवायचं: बीएस्सीच्या पोरांसाठी प्रोजेक्ट

म्हापशाच्या हॉटेलवाल्याकडे बादली ठेवून या, रविवारी शिंपले भरभरून मिळतात, फुकट. आता धुणं, इथेच सगळे आळस करतात! मीठ राहिलं तर पुढे सळई गंजते आणि मांस चिकटून राहिलं तर सिमेंट नीट सेट होत नाही, म्हणून गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवा, ब्रशने घासा, मग ओव्हनमध्ये 105 डिग्रीला सुकवा (वास येणार, खिडकी उघडी ठेवा). दळून 90 मायक्रॉनच्या (0.09 मिमी भोकांच्या) चाळणीतून काढा, मास्क लावूनच. सिमेंटच्या वजनाच्या 5, 10, 15 टक्के जागी ही पूड घाला, आणि बिनपुडीचे क्यूब (सिमेंट-वाळूचे ठोकळे) विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार? 70.6 मिमीचे क्यूब, प्रत्येक मिक्सचे सहा, तीन 7 दिवसांनी दाबून फोडा, किती ताकद लागली ते बघा, तीन 28 ला. वहीत रोज लिहा, बिघडलेलंसुद्धा.