सक्युलंट सहसा तहानेनं मरत नाही

'याला काहीच करावं लागत नाही' असं सांगून कुणीतरी सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांत पाणी साठवणारं झाड, हातात ठेवतं, आणि मग आपण रोज त्याचं काही ना काही करत बसतो. माझं पहिलं जेड असंच गेलं. पानं मऊ पडली म्हणून पाणी घातलं. आणखी मऊ पडली, म्हणून आणखी घातलं. शेवटी सरळ करायला खोड धरलं तर झाड अलगद हातात आलं. खाली मुळांच्या जागी काळपट धागे होते, आणि कुजका वास.

मऊ पानाची दोन कारणं असतात, आणि उपाय एकमेकांच्या उलट. तहानलेलं पान सुरकुततं, चपटं होतं, पण रंग बहुधा टिकून राहतो. पाणी जास्त झालेलं पान पिवळट, जवळजवळ आरपार दिसेल असं होतं आणि नुसता धक्का लागला तरी गळतं. गोची अशी, की मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, त्यामुळे ओल्या मातीतलं झाडही सुरकुततं. म्हणून एकट्या पानावर विश्वास ठेवू नका. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. काडी कोरडी असेल तर पाणी घाला. ओली असून पानं सुरकुतलेली असतील, तर मुळं गेली असं धरा.

अशा वेळी झाड मातीतून काढून स्वच्छ सुरीनं खोड कापा. कापात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, आतला भाग एकसारखा स्वच्छ दिसेपर्यंत. मग तो वरचा तुकडा सावलीत चारपाच दिवस सुकू द्या. लगेच मातीत खोचलात तर ओल्या जखमेतून पुन्हा कूज शिरते.

यातल्या बऱ्याच झाडांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात. त्यामुळे पाणी फार कमी उडतं आणि कुंडी ओलीच राहिली तर मुळांना हवा मिळत नाही. पण यावर तोड म्हणून रोज दोन चमचे पाणी घालणं हीसुद्धा चूकच, कारण वरचा थर भिजतो आणि खालची मुळं कोरडी राहतात. घालायचं तर तळातून वाहेपर्यंत घाला, बशीतलं पाणी फेका, आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत विसरून जा. वरून फवारे मारण्याचा काही उपयोग नाही.

कुंडीला भोक नसेल तर तळाशी खडे भरून भागत नाही. पाणी बारीक मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, खड्यांच्या वर अडून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोक पाडा किंवा कुंडी बदला. नुसत्या कोकोपीटमध्येही (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावू नका. निम्मी माती आणि निम्मं पेर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) किंवा चाळून बारीक कण काढून टाकलेली जाड वाळू चालते.

गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेलं एकेव्हेरिया हे सक्युलंट उंच, विरळ व्हायला लागलं तर त्याला उजेड कमी पडतोय. वाढलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, शेंडा छाटून नव्यानं लावावा लागतो. मात्र लगेच कडक उन्हात नेऊन ठेवू नका, पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत. आठदहा दिवसांत ऊन हळूहळू वाढवा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. कापसाच्या बोळ्यानं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिपून घ्या, आठवड्यानं पुन्हा बघा. पण एकेव्हेरियाच्या पानांवर सारखी पसरलेली पांढुरकी भुकटी ही धूळ नव्हे आणि कीडही नव्हे. ती उन्हापासून झाडाचं रक्षण करते, पुसलीत तर त्या पानावर परत येत नाही. मी एकदा सगळी पानं चकचकीत करून ठेवली होती!

आणि अगदी खालची एकदोन पानं कागदासारखी वाळली असतील तर काही करू नका. जुनी पानं अशीच जातात. बोटानं ओढून काढा.