टीव्हीला वायफाय लागेना? दुकानात नेण्याआधी या चुका टाळा

टीव्हीवर वायफायचं नाव दिसतंय, खाली 'कनेक्टेड' असंही येतंय, पण यूट्यूब उघडलं की नुसतं गोल गोल फिरतंय. अशा वेळी बरेच जण वैतागून थेट फॅक्टरी रीसेट मारतात. त्यानं सगळी लॉगिन उडतात आणि दुखणं बहुतेकदा आहे तिथंच राहतं. 'कनेक्टेड' म्हणजे टीव्ही राऊटरपर्यंत पोचला, एवढंच. पुढं नेट येतंय का, ते टीव्हीशेजारी उभं राहून फोनवर बघा. फक्त मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन गुपचूप सिमवर जातो आणि आपण टीव्हीला शिव्या घालत बसतो.

साताऱ्याच्या पेठांतलं जुनं घर असेल तर आधी राऊटरची जागा बघा. टीव्ही सोप्यात, राऊटर माजघरात लोखंडी कपाटावर आणि मधे दीड-दोन फुटांची दगडी भिंत! बरेच राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय देतात. ५चं वेगवान खरं, पण अशा भिंतीपुढं त्याचं काही चालत नाही. तिथं २.४चं नाव निवडा. काही जुन्या, स्वस्त टीव्हींना तर ५चं नाव यादीत दिसतच नाही, त्यात राऊटरचा काही दोष नसतो. २.४वर शेजाऱ्यांची गर्दी झाली असेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये १, ६, ११ यांपैकी मोकळा वायफाय चॅनेल (सिग्नलची वाट) धरा. जमत असेल तर राऊटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल (नेटची वायर) ओढा, मी तरी तेच सांगेन. टीव्हीचं पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, पण नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मागतं. चिंता नाही.

रिमोटनं बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही. टीव्ही आणि राऊटर दोन्हींचे प्लग काढा, मिनिटभर थांबा. आधी राऊटर लावा, त्याचे दिवे स्थिरावले की मग टीव्ही.

लाईट जाऊन आली की काही टीव्हींची तारीख मागं जाते. मग ॲपला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र चालत नाही आणि स्क्रीनवर मात्र 'इंटरनेट नाही' असं येतं. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर टाका, तरी चुकली तर हातानं भरा.

राऊटरचा पासवर्ड बदललाय? टीव्हीतलं जुनं नेटवर्क 'फर्गेट' करून नव्यानं जोडा. नव्या राऊटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर जुना टीव्ही जोडला जात नाही, राऊटरच्या सेटिंगमध्ये जुनं डब्ल्यूपीए२ही चालू करा. पण पासवर्डच काढून टाकायचा उद्योग नको.

एवढं करूनही अडलं तर फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडा. चाललं तर टीव्ही ठीक आहे, नेटवाल्याला फोन लावा. तेही जोडलं जाईना, तर वॉरंटी कार्ड शोधून मगच टीव्ही दुकानात न्या.