दोघांचा भात आठ जणांचा करताना

मी दिवसभर हिशेब लिहिते, त्यामुळे गुणाकाराची मला भीती नाही. पहिल्यांदा आठ जणांचं जेवण करायची वेळ आली तेव्हा रोजच्या दोघांच्या मापाला मी सरळ चारनं गुणलं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, म्हणजे चार वाट्यांना आठ. झाकण उघडलं तर मैत्रीण आत डोकावून म्हणाली, "भात आहे की खळ?" सगळ्यांनी गुपचूप खाल्ला, पण दुसऱ्यांदा कुणी भात मागितला नाही.

चूक कुठे झाली ते सांगते. तांदूळ जवळजवळ आपल्या मापाइतकंच पाणी पितो. वरचं जे पाणी आपण घालतो त्यातलं बरंचसं वाफेवाटे जातं, आणि वाफ किती जाणार हे तांदळावर नाही, भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि किती वेळ शिजतंय यावर ठरतं. तांदूळ चौपट झाला म्हणून वाफ चौपट होत नाही. आता मी चार वाट्यांना साडेपाच वाट्या पाणी घालते, तांदूळ जुना असेल तर सहा. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवला असेल तर साडेपाचच्या वर जात नाही. उकळी आली की आच अगदी बारीक, झाकण घट्ट, १५ मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. या १० मिनिटांत वर-खालचा भात सारखा होतो. मधेच डोकावायची सवय मला अजून पूर्ण सुटलेली नाही, तुम्ही लावून घेऊ नका.

माझा ठरलेला बेत म्हणजे भात, राजम्याचा कांदा-टोमॅटो घातलेला रस्सा, कापलेली काकडी आणि आलं-लिंबाचं सरबत. पदार्थ चारच ठेवते, कारण सात-आठ केले की मी स्वयंपाकघरात आणि गप्पा बाहेर.

कांदा आदल्या रात्रीच परतून ठेवायचा. आठ जणांना मोठे सहा कांदे लागतात, साधारण ८०० ग्रॅम. कांद्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि तोवर कांदा तांबूस होत नाही. सहा कांदे लहान कढईत कोंबले की ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात, मग आपण आच मोठी करतो आणि कडेचा करपतो. म्हणून घरातलं सगळ्यात रुंद भांडं घ्या. तेही नसेल तर दोन घाण्यांत करा. चिमूटभर मीठ घातलं की पाणी लवकर सुटतं. पहिली १० मिनिटं कांदा नुसता मऊ आणि पारदर्शक होतो, आवाज ओला, फसफसता असतो. मग तो आवाज कोरडा होत जातो, तडतडायला लागतो. इथून पुढे कढई सोडायची नाही. बुडाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून उलथन्यानं खरवडून घ्यायचा, सगळी चव त्यातच असते. माझी ४० मिनिटं तरी जातात. १० मिनिटांत लाल होणारा कांदा मी अजून पाहिलेला नाही. तेलही चारनं गुणू नका. तेल भांड्याच्या बुडाला पुरेल इतकंच लागतं, मी दोघांना दोन चमचे घेते तिथे आठांना पाच.

त्याच रात्री ४०० ग्रॅम राजमा भिजत टाका. शिजल्यावर तो किलोच्या आसपास भरतो. सकाळी भिजवणीचं पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं, चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. मंद आचेवर नुसता कोमट ठेवून ते जात नाही. उघड्या पातेल्यात करत असाल तर आधी अर्धा तास खळखळून उकळू द्या, मग आच कमी करा. कुकरमध्ये ही काळजी मिटते, फक्त राजमा आणि पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर येऊन वाफेचं तोंड बंद होऊ शकतं. मीठ आधी घातलं की दाणे शिजत नाहीत असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. मिठानं काही बिघडत नाही, बिघडतं ते आंबटानं. टोमॅटो दाणे बोटात चिरडले जायला लागल्यावरच घाला, नाहीतर तासभर जास्त शिजवूनही राजमा टणकच राहतो.

मीठ मात्र इमानदारीनं गुणलं जातं. एक किलो पदार्थाला साधारण १० ग्रॅम, म्हणजे लहान दोन चमचे सपाट. आठ जणांचा रस्सा अडीच किलोच्या घरात जातो, मी चार चमच्यांनी सुरुवात करून शेवटी चव घेऊन वाढवते. तिखटाचं गणित वेगळं आहे, कारण ते खाणाऱ्यांच्या जिभेवर अवलंबून. भांड्यात कमी घालायचं आणि चिरलेली मिरची वाटीत वेगळी ठेवायची.

वेळेचं तर अर्धंच गणित लागू पडतं. चौपट पाणी त्याच आचेवर उकळायला जवळपास चौपट वेळ घेतं, पण उकळी आल्यावर दाणा शिजायला लागणारा वेळ तेवढाच. पाहुणे दारात आणि पातेलं अजून थंड, असा प्रसंग माझ्यावर दोनदा आलाय. आता रश्श्यात घालायचं पाणी मी शेजारच्या शेगडीवर आधीच उकळत ठेवते.

सरबताचं माप वाटीनं घ्या, लिंबं मोजून नको. एका लिंबातून कधी दोन मोठे चमचे रस निघतो, कधी त्याच्या निम्मा. एक वाटी रस, एक वाटी पाक, सहा वाट्या पाणी. आठ जणांना याच्या दुप्पट करायचं, बाराएक लिंबं लागतात. पाकासाठी साखर आणि पाणी समसमान, त्यात बोटभर आलं ठेचून उकळायचं आणि झाकून गार होऊ द्यायचं. हेही आदल्या रात्रीच होतं. लिंबू मात्र शेवटच्या तासात पिळायचं, आणि हलक्या हातानं, सालीच्या आतला पांढरा भाग चुरगळला की कडवटपणा उतरतो. चव गार झाल्यावरच बघायची, कारण थंड पेयात गोडी कमी लागते. बर्फ जगमध्ये टाकू नका, पेल्यात टाका. जगमधला वितळला की शेवटच्या दोघांच्या वाट्याला नुसतं पाणी येतं.

जेवण झाल्यावर सगळे पांगतात आणि भाताचं पातेलं ओट्यावर तसंच राहतं. तेवढं करू नका. तांदळात असे जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. मी उरलेला भात पसरट ताटात मोकळा करते, तासाभरात गार झाला की डब्यात भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवते.

आणि कांदा परतताना सहाच्या जागी आठ घ्या. जास्तीच्या दोन कांद्यांएवढा परतलेला कांदा बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरला टाका. मंगळवारी दमून घरी आलं की त्यातले दोन खडे कढईत पडतात, वर एक टोमॅटो आणि घरात असेल ती भाजी, आणि दोघांचं जेवण २० मिनिटांत ताटात असतं.