सोर्सवरून पायथन बसवताय? या चुका टाळा

सोर्स म्हणजे मूळ कोड. त्याचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) उतरवायचा, उलगडायचा, मग कॉन्फिगर (मशीन तपासणं), मेक (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं, म्हणजे कंपाइल करणं), मेक इन्स्टॉल (जागेवर बसवणं). बहुतेक वेळा पायथन कुठेही न अडखळता बसतंही. पहिल्यांदा पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलं की मात्र उत्तर येतं, एसएसएल मॉड्यूल (सुरक्षित जोडणी सांभाळणारा भाग) उपलब्ध नाही.

‘अहो, पण ओपनएसएसएल तर मशीनवर आहे!’ एसएसएलची ही लायब्ररी आहेच, पण तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरती. नवा प्रोग्रॅम कंपाइल करायचा तर त्याच लायब्ररीच्या हेडर फाइल (तिच्यात काय काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) लागतात आणि लिनक्सवर त्या वेगळ्या पॅकेजात असतात. उबुंटूवर त्याचं नाव लिबएसएसएल-डेव्ह, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हेल. ही ‘डेव्ह’ची भानगड नवख्याला कोणी सांगत नाही, कारण जाणत्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. हेडर मिळाले नाहीत तरी पायथन थांबत नाही. ते मॉड्यूल गाळतं, पुढे जातं आणि मेकच्या शेवटी गाळलेल्यांची यादी छापतं. मेक आणि मेक इन्स्टॉल एकाच ओळीत जोडून चालवलंत, तर ही यादी शेकडो ओळींखाली गाडली गेली म्हणून समजा. दोन्ही वेगवेगळे चालवा. पॅकेज टाकल्यावर पुन्हा कॉन्फिगरपासून सुरुवात करा, नुसत्या मेकवर भागवू नका.

मेक मध्येच थांबलं, तर शेवटची ‘एरर १’ गुगलवर शोधू नका. ती फक्त थांबल्याची वर्दी असते. वर सरकत जा आणि पहिली एरर गाठा. कॉन्फिगर अडलं असेल, तर कारण कॉन्फिग डॉट लॉग या फाइलमध्ये मिळतं.

सुडो (म्हणजे प्रशासकाचे अधिकार) लावून मेक इन्स्टॉल, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी सवय. नवं पायथन यूएसआर-लोकल या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जातं आणि उबुंटूवर ‘पायथन३’ म्हटलं की तेच आधी सापडतं. मग ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) टाकलेली मॉड्यूल्स गायब झाल्यासारखी वाटतात. त्याऐवजी मेक ऑल्टइन्स्टॉल वापरा. पायथनच्या रीडमीतही तोच सल्ला आहे. मग ‘पायथन३’ हे नाव जुन्याकडेच राहतं आणि नव्याला ‘पायथन३.१२’ अशी पूर्ण आवृत्ती सांगून हाक मारायची.

वैतागून उबुंटूचं मूळ पायथन काढायला मात्र जाऊ नका. सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच्याच जिवावर चालतात.

आणखी एक. पायथनला मेक अनइन्स्टॉल नाही. म्हणून कॉन्फिगर करतानाच प्रिफिक्स देऊन होममधला एखादा वेगळा फोल्डर सांगा. सुडो लागत नाही, आणि नको झालं की तेवढा फोल्डर पुसायचा.